सीझर, नळ आणि शू

लहान मूल बरोबर असलं की परदेशातलं शहर आपण बघत नाही, ते बघतं. आपण नुसते मागून पिशव्या वाहतो. बायकोने रोमसाठी एक्सेल शीट केली होती. सकाळी कोलोसियम, दुपारी पँथिऑन, संध्याकाळी ट्रेव्हीचं कारंजं. चिरंजीवांना चौथं वर्ष चालू आहे, वाचता येत नाही, त्यामुळे शीट त्यांना बंधनकारक नव्हती.

रोमच्या जुन्या भागात काळ्या चौकोनी दगडांची फरसबंदी आहे. फोटोत फार सुंदर दिसते. तिच्यावरून बाबागाडी ढकलताना माझे मनगटापासून दाढेपर्यंत सगळे सांधे खिळखिळे झाले. गाडीतला प्रवासी मात्र "अजून फास्ट!" म्हणत होता.

कोलोसियमसमोर त्याने मान वर केली.

"बाबा, हे तुटलंय."

"हो रे. भूकंपात पडलं. मग लोकांनी दगड नेले आणि आपापली बांधकामं केली."

"मग सिक्युरिटीवाले काका कुठे होते?"

पन्नास हजार माणसं बसतील एवढं बांधकाम, आणि प्रश्न आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधला! उत्तर दोन्हीकडे नाही.

तेवढ्यात त्याला नळ दिसला. रोममध्ये असे ओतीव लोखंडाचे नळ अडीच हजारांच्या आसपास आहेत, १८७४ पासूनचे. वाकड्या तोटीतून गार, फुकट, पिण्याचं पाणी सतत वाहत असतं. तोटीच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की तिथून पाण्याची धार वर उडते आणि भांडं नसतानाही पिता येतं. हे तिथल्या एका आजोबांनी त्याला प्रेमाने करून दाखवलं आणि ते निघून गेले. त्यांचं काय जातंय?

यापुढे प्रत्येक नळाशी थांबणं आलं. पिणं आलं, उडवणं आलं. आणि मग अर्थातच, "बाबा, शू."

रस्त्यावर स्वच्छतागृह सापडेल तर शपथ. उपाय एकच, कुठल्यातरी बारमध्ये शिरायचं. तिथला बार म्हणजे आपल्या हॉटेलासारखा, कॉफीचा. पण नुसतं आत घुसून मागे जायला आमचा मराठी संकोच आडवा येतो, म्हणून आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती, मग किल्ली मागणं. तोवर चिरंजीव एका पायावरून दुसऱ्या पायावर. बाहेर येईपर्यंत काउंटरवर अंगठ्याएवढा एस्प्रेसो तयार. विकत घेतलेला टाकवत नाही, बायको कॉफी पीत नाही. थोडक्यात, पाणी तो पीत होता आणि कॉफी मी.

पँथिऑनच्या घुमटाला मधोमध नऊ मीटरचं उघडं भोक आहे. पाऊस सरळ आत पडतो आणि जमिनीतल्या छोट्या भोकांतून वाहून जातो. एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही सोय मी कौतुकाने समजावली. तो जमिनीतल्या भोकांकडे इतक्या अर्थपूर्ण नजरेने बघू लागला, की मी त्याला उचलून थेट बाहेर पळालो.

तोर्रे अर्जेंटिना चौकातल्या अवशेषांपाशी बायकोने मोबाइलवरून वाचून दाखवलं, "इसवीसनपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरला इथे मारलं." त्या खड्ड्यात आता मांजरांचा आश्रम आहे. पडक्या खांबांवर मांजरं ऊन खात पसरली होती.

"मांजरांनी मारलं?"

त्याला बघूनच दहशत बसेल असा एक बोका जांभई देत होता. मी नाही म्हणालो, पण त्याला काही ते पटलं नाही.

रात्री दोघं गाढ झोपली. मी एवढ्या एस्प्रेसोंच्या जोरावर छताकडे डोळे लावून टक्क जागा. दुसऱ्या दिवशी शीटवर व्हॅटिकन होतं. मग उठलो, मोबाइलवर नळांचा नकाशा उघडला आणि वाटेत एकही नळ लागणार नाही असा रस्ता शोधत बसलो. पहाटेपर्यंत शोधला. असा रस्ता रोममध्ये नाही.