‘दादिरी’ हे स्मरणशक्ती वाढवणारे तंत्र नव्हे : एक खुलासा

‘दादिरी’ हे ऑस्ट्रेलियातील सर्व आदिवासींचे ध्यानतंत्र असून विद्यार्थ्यांना रोज डोळे मिटून बसवल्यास स्मरणशक्ती वाढते, असा संदेश शिक्षकांच्या गटांत फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

दादिरी म्हणजे मन शांत ठेवून खोलवर ऐकणे. तिची ओळख बाहेरच्या जगाला झाली ती ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील डेली नदीकाठच्या शिक्षिका व चित्रकार मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन यांच्या १९८८ मधील मनोगतामुळे. ते मनोगत आजही वाचता येते, आणि त्यात परीक्षेचा किंवा स्मरणशक्तीचा विषयच नाही. पाहत, ऐकत, वाट पाहत आणि मगच कृती करत शिकणे, त्याच कथा पुन्हापुन्हा ऐकणे, शांततेला न बिचकणे आणि नदीप्रमाणे कशाचीही घाई न करणे, यांविषयी त्या आपल्या लोकांच्या वतीने बोलतात. युरोपीय वसाहतीपूर्वी ऑस्ट्रेलियात २५० हून अधिक भाषा होत्या. त्यामुळे तेथील सर्व समाजांना एकाच प्रथेत बसवणे योग्य नाही.

वर्गात मुलाचे बोलणे मध्येच न तोडता ऐकण्याचा सराव अवश्य करावा, मात्र त्याला दादिरीच्या नावाने फायद्यांची यादी जोडू नये. कृपया स्मरणशक्तीबाबतचा तो संदेश पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.