शिवडा का सोडला? एका दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, मी गंगाखेडला शिवडा, म्हणजे नदीतला तो बिनखवल्यांचा मोठा मिशीवाला शिकारी मासा, पकडून परत सोडला त्या फोटोवरची तुमची कमेंट तीनदा वाचली आणि दोन दिवस थांबून मग लिहायला बसलो, घाईत लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं. तुमचं म्हणणं असं की तोंडात गळ अडकवायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचं हे ढोंग आहे, आणि शिवडा तर सोडायचाच नाही, तो राक्षस आहे, रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे तळ्यात सोडायची बारकी पिल्लं, खाऊन भोयांच्या पोटावर पाय आणतो.

आधी ढोंगाचं बोलतो. तुमच्या कमेंटनंतर मी तो गंगाखेडच्या डोहातला फोटो नीट बघितला. साडेतीन फुटाचा शिवडा मी जबड्याला धरून उभा लटकवलाय. पाण्यात त्याचा भार पाणी पेलतं, वर उचलला की सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर अन् आतल्या अवयवांवर येतं. त्यात माझे हात कोरडे. शिवड्याला खवलं नसतात, नुसता बुळबुळीत थर असतो, तो पुसला गेला की कातडीला रोग धरतो. अन् महिना एप्रिलचा, गंगा, म्हणजे आपली गोदावरी, तेव्हा डोहापुरती उरलेली, कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, दमलेल्या माशाला सावरायला लई वेळ लागतो. तो पोहत गेला हे मी मोठ्या आनंदानं लिहिलं होतं, पण पोहत गेला म्हणजे जगलाच असं नाही. इथं तुमचं शंभर टक्के बरोबर, माझं चुकलं.

पण राक्षस म्हणू नका दादा. तोंड डोळ्याच्या मागपर्यंत फाटलेलं, आत बारीक दातांचे पट्टे, वरच्या दोन मिशा पार पोटापर्यंत लांब, बघून भीती वाटते हे मान्य. गढूळ पाण्यात शिकार करणाऱ्याला असंच अंग लागतं. बीज खातो हेही खरं, शेततळ्यात, गावतळ्यात बीज सोडायच्या आधी शिवडा-मरळ काढावेच लागतात, तिथं माझा वाद नाही. नदीची गोष्ट वेगळी, तिथला तो मूळचा राहणारा आहे, रोहू आपण उत्तरेकडचं बीज आणून सोडलेला. आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत शिवडा आज व्हल्नरेबल, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेल्या गटात आहे. पहिल्या पुराला तो अंडी घालायला उथळ पाण्यात चढतो, अन् नेमकं तेव्हाच ओढ्याच्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाची जाळी लागतात, पोटात अंडी असलेली मादी बाजारात जाते. नदीची चिंता असेल तर त्या जाळ्यांवर बोला, नाहीतर 2000 सालापासून बंदी असूनही पाळल्या जाणाऱ्या थाई मांगूर या परदेशी माशावर बोला.

भोई काकांच्या जाळ्यात शिवडा आला तर मी एक शब्द काढत नाही. त्यांचं ते पोट आहे, माझा शौक आहे, म्हणून नियम मला लागू, त्यांना नाही.

तो फोटो काढून टाकलाय. होळीनंतर पुराचं पाणी ओसरेपर्यंत माझा गळ बंद. हुकचा उलटा काटा पकडीनं चेपून सपाट केलाय म्हणजे पाण्यातल्या पाण्यातच सुटतो, आणि रॉडवर टेपनं फुटाच्या खुणा केल्यात, मासा वर न उचलता शेजारी रॉड धरला की लांबी कळते. दिवाळीनंतर गंगाखेडला या, हात ओले करून तुम्हीच सोडा.