एकोणचाळीस सुटले, एक अडला

झेड-८० हा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, १९७६ साली आला आणि २०२४ मध्ये झिलॉग कंपनीने त्याच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. ही बातमी वाचून हळहळणारी माणसं थोडी. त्यांतलं एक आमच्या घरात आहे, हे आईचं नशीब. मी लगेच माळ्यावरचं जुनं कंट्रोलर बोर्ड खाली काढलं, त्यावरची झेड-८० सुटी करायला.

चिपेला पाय चाळीस. प्रत्येकाची मनधरणी वेगळी. आधी जुन्या सोल्डरवर, म्हणजे पाय बोर्डाला जोडणाऱ्या धातूच्या डाखावर, नवं शिशाचं सोल्डर चढवायचं (काढायचंय तर वर आणखी कशाला घालतोस, हा बाबांचा प्रश्न अजून मिटलेला नाही), ते नीट वाहावं म्हणून फ्लक्स नावाचा चिकट पदार्थ लावायचा, तापलेला सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकवायचा आणि वितळलेलं ओढून घेणाऱ्या पंपाचं, म्हणजे सकरचं, बटण दाबायचं. सकर सोल्डर ओढतो कमी, घर दचकवतो जास्त. मग चिमट्याने पाय हलवायचा. ‘टिक’ ऐकू आलं की तो सुटला.

असे एकोणचाळीस सुटले. एकोणतिसाव्या नंबरचा, ग्राउंडचा (वीज परत जायच्या वाटेचा), काही ऐकेना. तो बोर्डभर पसरलेल्या तांब्याला चिकटलेला. दिलेली उष्णता सगळी ते तांबं गिळतं. अख्खं घर लग्नाला राजी आणि एकटी आत्या रुसलेली, तशी गत. इथे हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. जाऊ देऊ नये. पाय पोटाशी तुटला की चिपेची लॉकेट होते.

शेजारचे काका म्हणाले, “भंगारवाले बोर्ड आचेवर धरून आपटतात. पटापट गळतात चिपा.” गळतात खऱ्या, पण जळत्या बोर्डाचा विषारी धूर त्यांच्या छातीत जातो त्याचं काय? आईला एवढं पुराण लागलं नाही. “माझ्या गॅसवर नाही,” एवढंच म्हणाली.

मग डोक्यात आलं, की बोर्ड वाचवायच्या सगळ्या शिकवण्या दुरुस्ती करणाऱ्यांसाठी. मला बोर्ड कुठे हवं होतं? ब्लेडने त्या पायाभोवतीचं तांबं दोन्ही बाजूंनी खरवडून तोडलं, आयर्न टेकवला, खट्, टिक. आत्या उठली.

शिशाचे हात साबणाने धुतल्याशिवाय चहा मिळाला नाही.

चिप बसवायचं सॉकेट आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार म्हणाला, “झेड-८० पण देऊ का? एकदम नवीन.” पाय चकचकीत होते, पण बुडाशी फ्लक्सचा पिवळा डाग. ही कोणाच्या घरात सुटली असेल, असं मनात म्हणत मी तीही घेतली.