घर बदलताना जुनं पाणी नको, जुना फिल्टर जपा

घर बदलताना मासे कसे न्यावेत यावरचा एक निरोप सध्या फोनाफोनी फिरतो आहे. त्याचा सारांश असा: टँकमधलं सगळं जुनं पाणी सोबत न्या, कारण चांगले जीवाणू त्यातच असतात, फिल्टर आणि खडी नळाखाली स्वच्छ धुऊन भरा, मासे वाटेत उपाशी राहू नयेत म्हणून निघताना पोटभर खाऊ घाला, नव्या घरी पिशवी तासभर पाण्यावर तरंगवून मासे सोडा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण हा सल्ला पाळून लोक वर्षानुवर्षं जपलेले मासे आठवड्याभरात गमावतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी जुन्या पाण्याचं. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात, आणि तो त्यांनाच विषारी असतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू मुख्यतः कशाला तरी चिकटून राहतात: फिल्टरचा स्पंज, सिरॅमिकच्या नळ्या, खडी, लाकूड, काच. पाण्यात ते अगदी थोडे असतात. म्हणजे शंभर लिटरचा टँक असेल तर तुम्ही शंभर किलो ओझं वाहून नेता आणि त्यात साठलेलं नायट्रेटही सोबत नेता. थोडं जुनं पाणी मात्र जरूर घ्या. नव्या घरचं पाणी जास्त जड (क्षारांचं) किंवा हलकं (कमी क्षारांचं) असेल, तर पाव-तृतीयांश जुनं पाणी मिसळल्याने माशांना एकदम धक्का बसत नाही. जुन्या पाण्याचा उपयोग तेवढाच.

फिल्टर नळाखाली धुवायचा सल्ला सगळ्यात घातक आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो आणि तो आपले-परके ओळखत नाही. धुतलेला स्पंज दिसतो छान, पण त्यावरची महिन्यांची वस्ती गेलेली असते. ती पुन्हा उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर मासे स्वतःच्याच अमोनियात पोहतात. मी पहिल्यांदा घर बदललं तेव्हा हेच केलं होतं. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, आणि चौथ्या दिवसापासून निऑन टेट्रा एकेक करून गेले. ते अजून आठवतं. स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यात हलका पिळा. प्रवासात तो ओला ठेवा, पण पाण्याने भरून घट्ट बंद करू नका. या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो. बंद कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) काही तास तसाच राहिला तर आतला ऑक्सिजन संपतो आणि ते मरू लागतात. पाणी काढून टाका, स्पंज आणि नळ्या हवा खेळेल अशा डब्यात ठेवा, आणि नव्या घरी सगळ्यात आधी फिल्टर सुरू करा.

नवा टँक मोठा असला तरी घाबरू नका. मासे तेवढेच, त्यांचा अमोनियाही तेवढाच, त्यामुळे जुन्या फिल्टरची वस्ती पुरते. नवा फिल्टर घेतला असेल तर महिना-दीड महिना दोन्ही एकत्र चालवा.

खडीबाबत निरोपात निम्मं खरं आहे. तिच्यात अडकलेली घाण हलवाहलवीत पाण्यात उतरते, म्हणून खडी धुवावी, पण तीही टँकच्याच पाण्यात. आणि टँक पूर्ण रिकामा करूनच उचला. तळाशी खडी-पाणी ठेवून उचललं तर काचेच्या सांध्यांवर ताण येतो.

पोटभर खाऊ घालणं म्हणजे प्रवासाच्या पिशवीत घाण करायची सोय. निरोगी मोठा मासा दोन-चार दिवस सहज उपाशी राहतो. निघण्याआधी एक-दोन दिवस खाणं बंद ठेवा. अगदी लहान पिल्लांना मात्र इतका उपास नको.

पिशवी तरंगवल्याने फक्त तापमान जुळतं आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तास-दोन तासांचा प्रवास असेल तर नंतर टँकचं पाणी थोडं थोडं पिशवीत मिसळा. दिवसभराच्या प्रवासाचं गणित वेगळं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; आम्ल वाढलं की तो उतरतो) उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियाचं विष होतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला सुमारे पाच टक्के. म्हणून लांबून आलेले मासे उघड्या पिशवीत ताटकळत ठेवू नका. तापमान जुळलं की जाळीने उचला आणि क्लोरीन काढलेल्या, शक्यतो जुनं पाणी मिसळलेल्या टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी ओतून द्या.

पहिला दिवस दिवे बंद ठेवा. पहिला आठवडा खाणं निम्मं करा आणि अमोनिया, नायट्राइट रोज तपासा. दोन्ही शून्य हवेत. काहीही दिसलं तर त्याच दिवशी निम्म्यापर्यंत पाणी बदला.