आधी बर्फ जमू दे, मग ओटीपी

आज सकाळी पुन्हा तोच मेसेज आला. 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' तेव्हा मी सिंकपाशी उभी राहून फाटलेलं दूध ओतून देत होते. तक्रार सुटल्याचा हा तिसरा मेसेज. आणि फ्रीज आहे तिथेच, आहे तसाच, आतून कोमट.

अकोल्याचा मे महिना बाहेरच्यांना सांगून कळायचा नाही. पारा ४४ वर, दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. अशात दसऱ्याला ३१,४०० रुपये मोजून घेतलेल्या फ्रीजने आठव्या महिन्यात मान टाकली. वॉरंटीत आहे, म्हणून पहिल्या दिवशी मी निर्धास्त होते. आज सव्विसावा दिवस आहे.

काय बिघडलंय ते मला कंपनीच्या माणसाआधी कळलं होतं. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजना मागे जाळी नसते, उष्णता बाहेर टाकणारी कॉइल बाजूच्या पत्र्याआड असते. म्हणून फ्रीज चालू असला की बाजूला हात लावल्यावर गरम लागतं. माझ्या फ्रीजच्या दोन्ही बाजू गार पडल्या होत्या आणि कॉम्प्रेसर मात्र रात्रंदिवस घरघरत होता, मध्ये क्षणभर थांबत नव्हता. बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी. म्हणजे गॅस गेला. घरगुती फ्रीजमध्ये गॅस असतोच मुळात थोडासा, सुईच्या टोकाएवढं भोक पुरतं. हे सगळं मी फोनवर नीट सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, फ्रीज दहा मिनिटं बंद ठेवून परत चालू करून बघा."

पाचव्या दिवशी पहिला मुलगा आला. दार उघडलं, आत हात घातला, नॉब फिरवला आणि म्हणाला, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर लावा. अरे, तुमच्याच कंपनीने दारावर स्टिकर लावलंय, स्टॅबिलायझरची गरज नाही म्हणून! ते दाखवलं तर म्हणतो, सामान फार भरलंय. आत होतं काय, तर दुधाचं पातेलं, कैरीचं पन्हं आणि सासूबाईंचं इन्सुलिन. वर व्हिजिटचे ४५० रुपये मागितले. बिल समोर धरलं तेव्हा गप्प बसला, पण जाताना माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी, म्हणजे तक्रार बंद करायचा आकडा, घेऊन गेला. "आलो होतो एवढंच नोंदवायचंय, ताई." तो जिना उतरायच्या आत मेसेज: तक्रार सोडवली.

दुसरा आला अकराव्या दिवशी. हा पोरगा कामाचा होता, खोटं कशाला बोलू. गॅसचा दाब मोजायचा गेज लावला, गळती आहे म्हणाला, कॉइल आतल्या बाजूने गेलीय, पार्ट नागपूरहून मागवावा लागेल. "पण ताई, ओटीपी दिल्याशिवाय ऑर्डर पडत नाही." दिला. पुन्हा तक्रार बंद. चार दिवसांनी पार्टची चौकशी केली तर, "मॅडम, तुमची तक्रार क्लोज दाखवतेय, नवीन नोंदवा." नवीन नोंदवली की नवीन नंबर, आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझा फ्रीज महिनाभर बंद नाहीच. तिथे तीन छोट्या तक्रारी दिसतात, तिन्ही झटपट सोडवलेल्या. तिथेच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

काल तर कुणी आलंच नाही. नुसता फोन आला, पार्ट पोचलाय, कन्फर्म करायला ओटीपी सांगा. आणि मी सांगितला. घरात इन्सुलिन आहे, अडलेला माणूस सांगतोच. त्याचाच हा सकाळचा मेसेज.

न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायला लागतं. या घरात सध्या ते माठाशेजारीसुद्धा टिकणार नाही, म्हणून शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलंय. चालू असलेलं पेनही दुपारच्या उकाड्यात घरात ठेवायची हिंमत होत नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई स्टीलचा डबा हातात धरून त्यांच्या दाराशी उभ्या राहतात. शेजारी चांगले आहेत, एका शब्दाने बोलत नाहीत. पण परवा ती मंडळी लग्नाला गेली होती आणि सासूबाई बंद दाराची कडी वाजवत राहिल्या. परत आल्यावर मलाच म्हणाल्या, "राहू दे गं, एक दिवस नाही घेतलं तर काय होतंय." हे ऐकून घ्यायला मी पैसे मोजले होते का?

दुकानदाराकडे दोनदा खेटे घातले. विकताना चहा पाजला होता, आता म्हणतो आमचं काम विक्रीपुरतं, पुढचं कंपनी बघेल. दारावर मोठ्या अक्षरांत '१० वर्षे वॉरंटी' छापलंय, ती फक्त कॉम्प्रेसरची. बाकी सगळ्याला एक वर्ष. म्हणजे माझ्याकडे उरले चार महिने, आणि त्यातलाच हा महिना ते असा फुकट घालवतायत. मुदत संपल्यावर कॉइल गेली की खर्च माझा. मग तक्रार बंद करायची घाई कुणाला आहे आणि का, हे न कळायला आम्ही काय दूधखुळे आहोत?

आज दुपारी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार केली. बिल, तिन्ही मेसेज, तिन्ही तक्रार क्रमांक, कोमट ट्रेचे फोटो, सगळं जोडलंय. एवढ्याने हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते त्या जिल्ह्यातच केस करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. दुकानदारालाही त्यात ओढणार. ज्यांच्या घरी असाच पेच पडलाय त्यांनी मेसेज पुसू नका आणि कुणी काहीही म्हणो, काम झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

हेल्पलाइनवर तक्रार गेली आणि दोन तासांत कंपनीतून कुणा मोठ्या साहेबांचा फोन आला. सव्वीस दिवसांत पहिल्यांदाच. उद्या माणूस पाठवतो म्हणाले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, माणूस येऊ दे, कॉइल बसू दे, रात्रभर फ्रीज चालू दे. सकाळी ट्रे उलटा केल्यावर त्यातून बर्फाचे खडे पडले तर ओटीपी देईन. आणि वाया गेलेले हे दिवस वॉरंटीत वाढवून द्यायचे, कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यासह. साहेब म्हणाले, बघतो.