पाट्या दोन भाषांत, घरात एकच

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजच्या मेट्रोत स्थानकाचं नाव दोनदा पुकारतात, आधी फ्रेंचमध्ये, मग ऑक्सितानमध्ये, म्हणजे त्या भागाच्या जुन्या भाषेत. रस्त्यांच्या पाट्याही दोन्ही भाषांत. पाट्या बघून ऑक्सितानची तब्येत ठणठणीत वाटावी. डब्यात मात्र ती बोलणारं माणूस शोधूनही सापडत नाही.

म्हणून 2024च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मी नव्हतो. 2025मध्ये पहिलीपासून हिंदी लादण्याला विरोध झाला, जूनअखेर सरकारने निर्णय मागे घेतला, ते उत्तमच झालं. पण नंतर काय?

सध्या मार्सेल देलपास्त्र (1925–1998) वाचतोय. फ्रान्सच्याच लिमुझँ भागातल्या शांबरे गावाजवळची शेतकरी बाई. आपल्याला लगेच बहिणाबाई आठवणार, पण ते साम्य फसवं आहे. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. ही शिकलेली, लिमोजला कलाशिक्षण घेऊन शेतावर परतलेली, फ्रेंचमध्ये कविता लिहिणारी. चाळिशीच्या उंबरठ्यावर ती ऑक्सितानकडे वळली. गायी-गुरं सांभाळत लोककथा, रीतिरिवाज टिपले, हे झालंच. पण 1974 साली तिची ‘पेगन स्तोत्रं’, म्हणजे ख्रिस्ती धर्माबाहेरची स्तोत्रं, आली. माती, देह, मरण, देव, सगळं त्यात, बायबलमधल्या स्तोत्रांसारख्या लांब ओळींत. लोक जिला गोठ्यापुरती समजत होते, त्याच भाषेत!

तोवर उशीर झाला होता. पूर्वी शाळेत ऑक्सितान बोलताना सापडलेल्या पोराच्या हाती लाकडाचा तुकडा द्यायचे. दुसरा ‘गुन्हेगार’ पकडून तो त्याला दिला की सुटका. 1951च्या कायद्याने ऑक्सितान शिकवायला परवानगी दिली, पण तेव्हा आईबापच मुलांशी फ्रेंच बोलू लागले होते. पोराला कुणी गावंढळ म्हणू नये, चार पैसे मिळवावेत, एवढंच त्यांना हवं होतं. पुण्यात इंग्रजी शाळेसाठी रांग लावणाऱ्यांचं कारण वेगळं आहे का? त्यांना शिव्या घालण्यात मला रस नाही.

मराठी आठ कोटींची, स्वतःचं राज्य असलेली भाषा. ऑक्सितानची गत उद्या आपली होईल असली भीती मी घालणार नाही. फक्त दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेली मुलगी अकरावीत गेली की तिच्यापुढे इंग्रजी पुस्तकच येतं. हिंदीच्या जीआरवर जेवढं रान उठलं, त्याच्या निम्मं तरी या पुस्तकावर उठू दे.