रुबाब आणायचा कुठनं?

परवा भाचीचा सांगलीहून फोन. "मामा, इंटरव्ह्यूच्या क्लासचे सर म्हणाले, तुझ्यात रुबाब नाही, जरा आण." सर काही विचारतात आणि येत नसेल तर ही सरळ त्यांच्याकडे बघून "माहीत नाही सर" म्हणते. तेच त्यांना खटकलं. पोरगी खट्टू झाली होती. मला त्या सरांच्या मराठीचंच वाईट वाटलं.

या शब्दाचा सगळा खेळ क्रियापदात आहे हो. 'त्याचा रुबाब आहे' ही तारीफ. 'लय रुबाब करतो' म्हटलं की त्याच माणसाची उतरली. 'रुबाब कुणाला दाखवतो रं?' इथवर आलं की बाह्या सरसावलेल्या असतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ धाक. हिंदीत त्याचाच 'रोब' झाला, तो बहुतेक झाडायच्याच कामाला येतो. आपण त्यातली भीती बरीचशी काढली आणि देखणेपण घातलं.

मला हा शब्द कळला खरसुंडीच्या बैलबाजारात. दहाएक वर्षांचा असेन. थोरले चुलते अण्णा खिलार खोंड बघत होते. दात बघितले, खूर बघितले, पाठीवरून शेपटापर्यंत हात फिरवला. शेजारचा खोंड फुरफुरत माती उकरत होता, मला तोच आवडलेला. अण्णा म्हणाले, "त्यो बुजलाय. ह्यो बघ." हा नुसता उभा. चारी पाय रोवून, मान वर, कासरा ढिला. जवळून ट्रॅक्टर धडधडत गेला, याचा फक्त एक कान हलला. "ह्येला म्हणायचं रुबाब." किंमत ऐकून अण्णांचाच उतरला तो भाग वेगळा. चहा पिऊन यष्टीनं परत आलो.

आणि रुबाबाला पैसा लागतो म्हणणाऱ्यांनी कराडजवळच्या गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांना आठवावं. १९५२ ला हेलसिंकीला जायला लोकांपुढं हात पसरावा लागला. कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार दिले. ५७ किलो गटातला हा गडी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला, आणि कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हात पसरला म्हणून त्यांचा रुबाब गेला, असं आमच्या भागात कुणी म्हणून दाखवावं.

भाचीला म्हटलं, क्लास सोड, राहिलेली फी परत माग.

"मागितली की. नाही म्हणाले. उद्या परत जाऊन बसणार आहे."